तुला, काटा आणि मोबाईल



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. पण इतिहास साध्यासुध्या वस्तूंनाही असतो. जात्याला असतो, चुलीला असतो, चपलेलाही असतो. आज मी आपल्याला वजनकाट्याचा इतिहास सांगणार आहे. धान्याच्या काट्याचा नव्हे, माणसाच्या काट्याचा. हा काटा एके काळी राजवाड्यात होता, मग वैद्याच्या खोलीत आला, तिथून विमा कंपनीच्या कचेरीत आणि रेल्वेच्या फलाटावर गेला, आणि आता आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. या प्रवासात त्याने माणसाला काय दिले आणि माणसाचे काय हिरावून घेतले, हे पाहण्याजोगे आहे.

आरंभ मात्र माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करतो.

साधारण १९९० च्या सुमाराची गोष्ट. मी आमच्या तालुक्याच्या गावी पाचवीत शिकत होतो. वर्षातून एकदा शाळेत वजन-उंचीचा दिवस असे. व्हरांड्यात काटा मांडलेला, भिंतीवर खडूने उंचीच्या रेघा मारलेल्या आणि आम्ही सारी पोरे चपला काढून रांगेत. एक सर आकडा मोठ्याने वाचायचे आणि दुसरे सर वहीत लिहून घ्यायचे. आमच्या वर्गात एक मुलगा अंगाने चांगलाच भरलेला होता. तो काट्यावर उभा राहिला तेव्हा सर ओरडले, “बावन्न! अरे, कोणत्या चक्कीचं पीठ खातोस?” सगळी रांग खो खो हसली. त्या दिवसापासून त्या मुलाचे नाव ‘बावन्न’ पडले. ते नाव पहिल्यांदा कोणी उच्चारले असेल, तर ते मी. पुढल्या वर्षी वजन-उंचीच्या दिवशी तो शाळेत आलाच नाही. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही.

त्याची गोष्ट पुढे पुरी करीन. आधी काट्याची सांगतो.

आपल्याकडे माणसाला तराजूत बसवण्याची चाल फार जुनी आहे. तिचे नाव तुलादान. १६६५ साली शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाऊसाहेबांची आणि वृद्ध सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. पुढे १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा महाराजांची स्वतःची तुला झाली. मोगल बादशहांनीही ही चाल उचलली होती. जहांगीर बादशहाला वाढदिवशी तराजूत बसवून सोन्यानाण्याने तोलतात, हा सोहळा इंग्रज वकील सर टॉमस रो याने १६१७ साली पाहिला आणि आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवला. बादशहा जितका वजनदार, तितके दान अधिक. म्हणजे त्या तराजूत वजन ही लाजेची बाब नव्हती. माणसाचे वजन म्हणजे दुसऱ्याच्या पदरात पडणारे पुण्य होते.

आपल्या बोलीतही या जुन्या मानाच्या खुणा अजून दिसतात. ज्याच्या शब्दाला किंमत आहे तो माणूस ‘वजनदार’. बाळाने ‘बाळसं धरलं’ की आजी सुखावते. पोरगी माहेरी आली की आई म्हणते, “तब्येत सुधारली गं तुझी,” आणि यात तक्रार नसते, समाधान असते. आपला लाडका देव तर लंबोदर! दुष्काळ ज्यांनी वरचेवर पाहिला, त्या मुलखात अंगावर चार मुठी मांस असणे म्हणजे घरात दाणे असल्याची साक्ष होती. १८७७ सालच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा यावर आणून ठेवली होती. अर्धा किलोहून कमी धान्यावर दिवसभर खडी फोडायची! अशा लोकांना लठ्ठपणाची चिंता कोठून असणार?

मग मान गेला कुठे आणि लाज आली कुठून? त्यासाठी जरा युरोपात जावे लागेल.

इटलीत सांतोरिओ नावाचा एक वैद्य होऊन गेला. तो पादुआच्या विद्यापीठात शिकवी. त्याने छताला एक मोठा काटा टांगला आणि त्याला खुर्ची अडकवली. त्या खुर्चीत बसून तो जेवी. सुमारे तीस वर्षे त्याने आपल्या देहाची आवक-जावक तोलली. खाल्ले-प्याले किती, मलमूत्रावाटे गेले किती आणि उरले किती! दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यातले पाच पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या घामावाटे निघून जाते, असा हिशेब त्याने १६१४ साली आपल्या ग्रंथात मांडला. या गृहस्थाला कोणाची टिंगल करायची नव्हती. त्याने तोलला तो स्वतःचा देह, आणि तोही देहाचे कोडे उलगडावे म्हणून. काट्याचा हा दुसरा अवतार जिज्ञासेचा होता.

तिसरा अवतार सरासरीचा. बेल्जममध्ये केतले नावाचा एक ज्योतिर्विद होता. आकाशातल्या ताऱ्यांचे हिशेब करता करता त्याला माणसांचेही हिशेब करावेसे वाटले. १८३५ साली त्याने ग्रंथ लिहून ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे मांडले. त्यात त्याने एक नियम सांगितला की वयात आलेल्या माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बस, इतकेच. अमका निरोगी आणि तमका रोगी, असे त्याला म्हणायचेच नव्हते. तो समाजाचे माप घेत होता, व्यक्तीचे नव्हे. पण शिक्षकबंधूंना ठाऊक आहे की वर्गाची सरासरी साठ आली की पन्नासवाल्या मुलाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. तसेच पुढे देहाचे झाले. सरासरी हे वर्णन होते, त्याचा हळूहळू दंडक बनला.

याच सुमारास लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक सज्जन राहत होता. अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा त्याचा पिढीजात धंदा होता आणि राजघराण्यातले अंत्यविधीही त्याच्याच घराण्याकडे असत. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पाच फूट पाच इंच उंचीच्या या माणसाचे वजन २०२ पौंड म्हणजे सुमारे ९२ किलो होते. बुटाचे बंद बांधायला वाकता येईना आणि जिना उतरायचा तर पाठमोरे उतरावे लागे. पण त्याला सगळ्यांत बोचत होती ती लोकांची थट्टा. चारचौघांत जावे तर लोक खोचक बोलत, म्हणून त्याने जाणेच कमी केले. कमी ऐकू येते म्हणून तो हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. त्या डॉक्टरने त्याला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडायला लावले. वर्षभरात ४६ पौंड वजन उतरले. १८६३ साली बँटिंगने आपला अनुभव पुस्तिकेच्या रूपाने छापला आणि पहिली आवृत्ती फुकट वाटली. पुस्तिका इतकी गाजली की इंग्रजीत त्याच्या नावाचे क्रियापद झाले, आणि स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही त्याच्याच नावावरून आलेला शब्द आहे. लठ्ठ माणूस किती अपमान गिळतो, हे छापील शब्दांत जगापुढे मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना करावी लागेल. पण लोकांनी त्याच्या पथ्याचे पान तेवढे वाचले, अपमानाचे पान उलटून टाकले.

विसाव्या शतकात मग आकड्यांचे राज्य आले. अन्नातली शक्ती मोजायचे ‘कॅलरी’ हे माप घरोघर पोचले. १९१८ साली अमेरिकेत ल्यूलू हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंनी कॅलऱ्या मोजून खावे कसे, याचे पुस्तक लिहिले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. तिकडे विमा कंपन्यांना गिऱ्हाईक किती वर्षे जगेल याची विवंचना. मेट्रोपॉलिटन लाइफ या अमेरिकी कंपनीने १९४२-४३ मध्ये ‘आदर्श’ वजनांचे तक्ते काढले आणि १९५९ मध्ये ते नव्याने छापले. हे तक्ते विमा उतरवणाऱ्या तिकडच्या लोकांवरून बेतलेले होते. तरी डॉक्टरांच्या भिंतीवर ते असे लागले की जणू ब्रह्मलिखितच!

आपल्याकडे काटा सार्वजनिक झाला तो रेल्वे स्टेशनवर. ती लाल-पिवळ्या दिव्यांची, फिरत्या चकतीची उंच पेटी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. नाणे टाकले की खडखडाट होऊन पुठ्ठ्याचे तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही मुले आधी भविष्य वाचत असू. गंमत म्हणून ठीक, पण विचार करण्यासारखी गोष्ट ही की वजन आणि नशीब एकाच तिकिटावर छापले जाऊ लागले होते.

१९७२ साल आपल्या महाराष्ट्राला विसरता येणार नाही. मोठा दुष्काळ. गावोगावचे लोक खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर, पोरांच्या हातात सुकडी आणि घरात परदेशातून आलेली लाल मिलो. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत अँसेल कीज या शास्त्रज्ञाने पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापे तपासली आणि केतलेच्या जुन्या सूत्राला नवे नाव दिले. आज ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो हाच. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ६४ किलोच्या माणसाचा आकडा २५ येतो. हिशेब सोपा म्हणून तो जगभर पसरला. पण मांस किती, चरबी किती आणि चरबी पोटावर आहे की मांडीवर, हे या आकड्याला कळत नाही.

याचा पुरावा आपल्या पुण्याने जगाला दिला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघांचा बीएमआय अगदी तोच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला होता. तिथले बाळ सरासरी २.७ किलोचे आणि इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनचे ३.५ किलोचे. आपले बाळ दिसायला बारके, पण त्याच्या अंगात मांस कमी पडले तसे चरबीचे प्रमाण कमी पडले नव्हते. ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे हे कोडे आहे. आशियातल्या लोकांना मधुमेहाचा धोका कमी आकड्यालाच सुरू होतो, हे ओळखून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्याच २००४ साली आपल्यासाठी २३ आणि २७.५ असे सावधगिरीचे वेगळे टप्पे सुचवले. तेव्हा बाहेरून बारीक दिसणाऱ्याने निर्धास्त राहू नये आणि जाड दिसणाऱ्याला कोणी परस्पर रोगी ठरवू नये, हा धडा आपल्याच मातीतून निघालेला आहे.

आता थट्टेकडे वळू. “थट्टा केली तर काय बिघडलं? लाज वाटली तर खाणं तरी कमी करील,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९६१ साली अमेरिकेतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांपुढे काही चित्रे ठेवण्यात आली. एका चित्रातला मुलगा कुबडी घेतलेला, एक चाकाच्या खुर्चीत, एकाला हात नाही, एकाच्या चेहऱ्यावर व्यंग, एक नुसताच लठ्ठ. यातला कोण आवडतो, क्रम लावा, असे सांगितले तेव्हा लठ्ठ मुलगा सगळ्यांच्या शेवटी गेला. चाळीसेक वर्षांनी हाच प्रयोग पुन्हा झाला आणि नावड कमी होण्याऐवजी वाढलेलीच आढळली. मग २०१३ साली अमेरिकेतला आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा हजारांवर माणसांची चार वर्षांच्या अंतराने दोनदा पाहणी केलेली होती. वजनावरून ज्यांना हिणवले गेले, वेगळे वागवले गेले, ते पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांहून अडीच पट निघाली. म्हणजे लाज हे औषध नव्हेच, ते कुपथ्य आहे. हिणवलेला माणूस मैदानावर जायला कचरतो, दुःख गिळायला खातो आणि डॉक्टरची पायरी टाळतो. २०२० साली देशोदेशीच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन जाहीर केले की लठ्ठपणा म्हणजे केवळ आळस आणि जिभेचे चोचले, ही समजूत शास्त्राला धरून नाही. आनुवंशिकता, झोप, औषधे, गरिबी, मनावरचा ताण आणि बाजारातले स्वस्त तळलेले-गोड अन्न, या सर्वांचा त्यात हात असतो.

काटा मायेनेही वापरता येतो, याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५० नंतरच्या दशकात डेव्हिड मोर्ले नावाचे इंग्रज डॉक्टर आफ्रिकेत नायजेरियातल्या इमेसी या खेड्यात काम करीत होते. तिथली पोरे जुलाब, गोवर आणि उपासमारीने दगावत. त्यांनी मुलांच्या वजनाचा एक तक्ता तयार केला, त्याला ‘आरोग्याची वाट’ असे नाव दिले आणि तो दवाखान्यात न ठेवता आईच्या हाती दिला. आकडा किती, याला त्यात फारसे महत्त्व नव्हते. रेघ वर चालली आहे की आडवी पडली आहे, एवढे आईने पाहायचे. रेघ आडवी झाली की बोलावून विचारपूस करायची. आपल्या अंगणवाडीतला वाढीचा तक्ता याच वंशातला आहे. मागल्या महिन्यातले हेच बाळ आणि या महिन्यातले हेच बाळ, ही तुलना त्यात महत्त्वाची. दोन बाळांची आपसात नव्हे. विम्याच्या तक्त्यात आणि या तक्त्यात फरक इतकाच, पण तो जमीन-अस्मानाचा आहे.

आता मोबाईल. त्याचाही पूर्वज आहे. टोकियोतल्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर जपानात व्यायामाची लाट आली. १९६५ मध्ये यामासा या कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे माप. आज जो तो म्हणतो की रोज दहा हजार पावले चालावे. हा आकडा वेदवाक्य नव्हे, तो विक्रीसाठी ठेवलेल्या नावातून आलेला आहे. २०१९ साली सोळा हजारांवर वृद्ध स्त्रियांचा अभ्यास छापून आला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या बायांचा मृत्यूचा धोका अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बराच घटलेला दिसला, आणि साडेसात हजारांच्या पुढे लाभ फारसा वाढताना दिसला नाही. ज्यांना दहा हजार जमत नाहीत, त्यांनी हिरमुसून घरी बसू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

२००८ नंतर मोबाईलवर अ‍ॅपचा बाजार उघडला. काय खाल्ले, किती चाललो, किती झोपलो, सगळ्याची टाचणवही खिशात आली. भारतात २०१२ साली बंगळुरूत सुरू झालेल्या एका कंपनीच्या अ‍ॅपमध्ये पोळी, वरण, इडली यांच्याही कॅलऱ्या मिळू लागल्या. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि शेताच्या बांधावरही अ‍ॅप पोचले. सांतोरिओला तीस वर्षे खुर्चीत बसावे लागले, ते आता शेतावरचा गडीही करू शकतो.

पण काटा बदलला तरी माणसाची खोड लगेच बदलत नाही. अनेक अ‍ॅप पहिल्याच पानावर वजन विचारतात, बीएमआय काढतात आणि लाल वर्तुळ दाखवतात. चार घास जास्त झाले की आकडा तांबडा होतो. आमच्या सरांचे ओरडणेच जणू आता यंत्रात शिरले. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर उपचार घेणाऱ्या १०५ जणांना २०१७ साली विचारले गेले, तेव्हा चौघांतले तिघे कॅलरी मोजणारे एक प्रसिद्ध अ‍ॅप वापरत होते, आणि वापरणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांना वाटत होते की त्या अ‍ॅपने आपल्या आजाराला हातभार लावला. वजन उतरवण्याचा धंदा करणाऱ्या एका जुन्या अमेरिकी कंपनीने २०१९ साली आठ ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी ‘कर्बो’ नावाचे अ‍ॅप काढले. पदार्थांना लाल, पिवळा आणि हिरवा रंग दिलेला. मुलांच्या कोवळ्या मनात अन्नाची भीती बसेल, अशी ओरड झाली. शिवाय पालकांच्या नीट संमतीवाचून लहान मुलांची माहिती गोळा केल्याचा आरोप आला. २०२२ साली तिथल्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीला १५ लाख डॉलर दंड भरावा लागला आणि ती माहितीही नष्ट करावी लागली. आपल्या मुलांच्या मोबाईलवर अ‍ॅप घालताना पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

मग अ‍ॅप टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. विळीने बोट कापते म्हणून कोणी भाजी चिरायचे सोडत नाही. चांगले अ‍ॅप ओळखायचे कसे, ते सांगतो. त्यात वजनाचा आकडा लपवून ठेवता आला पाहिजे. ते आपली तुलना शेजाऱ्याशी न करता आपल्याच कालच्या दिवसाशी करणारे असावे, मोर्लेसाहेबांच्या तक्त्यासारखे. त्याची भाषा दरडावणारी नको, विचारपूस करणारी हवी. आज चालणे झाले का, ताटात पालेभाजी-डाळ होती का, झोप पुरी झाली का, अशा सवयींची नोंद ते ठेवते का, हे पाहा. भूक खरी की नुसतीच लालसा, हे थांबून ओळखायला शिकवणारी अ‍ॅपही आता निघाली आहेत. महिन्यात दहा किलो उतरवण्याची हमी देणाऱ्याकडे मात्र ढुंकून पाहू नये. आणि आपली माहिती कोणाकडे जाते, हे शहाण्या नातवाकडून एकदा वाचवून घ्यावे. केंद्र सरकारने २०२१ साली ‘फिट इंडिया’ हे अ‍ॅप काढले आणि त्याच वर्षी अंगणवाडी ताईंच्या हाती ‘पोषण ट्रॅकर’ आला. काटा, तक्ता आणि मोबाईल हे तिघेही आता ताईंच्या हाती एकत्र आले आहेत.

इथे शिक्षकबंधू-भगिनींना आणि ताईंना हात जोडून एक विनंती आहे. आपल्या देशात एकाच वेळी दोन दुखणी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाहून कमी वजनाच्या निघाल्या आणि २४ टक्के प्रमाणाहून जास्त वजनाच्या. म्हणजे एकाच वर्गात एकाला ‘काडी’ म्हणून हिणवतात आणि दुसऱ्याला ‘ढोल्या’ म्हणून. अंगणवाडीत “तुमचं पोर लाल रेघेत आलं” हे वाक्य दहा बायांसमोर बोलले गेले, तर ती माउली पुढल्या महिन्यात पोराला आणायचीच नाही. वजन करावे, जरूर करावे. पण आडोशाला करावे, आकडा मोठ्याने वाचू नये, आणि आकड्यानंतरचे पहिले वाक्य प्रश्नाचे असावे, शेऱ्याचे नसावे. याला मोबाईल लागत नाही की पैसा लागत नाही.

आता माझ्या वर्गमित्राची राहिलेली गोष्ट. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. काठी टेकत आला. मी ओळखले नाही, त्याने ओळखले. पायाला काय झाले विचारले, तर म्हणाला, “जखम होती, भरेना. दवाखान्यात गेलो तेव्हा साखर निघाली. दोन बोटं काढावी लागली.” इतके दिवस दाखवले का नाहीस, असे मी विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दवाखान्यात गेलं की आधी काट्यावर उभं करतात रे. पाचवीनंतर मी काट्यावर पाय ठेवला नव्हता. तू मास्तर झालास म्हणून सांगतो.”

मांडवात सनई वाजत होती. ते ‘बावन्न’ मीच काढले होते, हे त्याला आठवत होते की नाही कोण जाणे. मी सांगितले. तो म्हणाला, “ठाऊक आहे.” एवढेच.

पुढे त्याच्या मुलीने त्याच्या मोबाईलवर एक अ‍ॅप घालून दिले. पहिल्याने लाल वर्तुळ दाखवले, ते त्याने दुसऱ्याच दिवशी काढून टाकले. मग तिने दुसरे घातले. त्यात वजन विचारतच नाहीत, नुसती पावले मोजतात. डॉक्टरांनी नेमून दिलेले बूट घालून तो आता रोज कालव्याच्या कडेने चालतो. काट्यावरही उभा राहतो, कारण तिथल्या नर्सबाई आकडा कागदावर लिहितात, बोलून दाखवत नाहीत. अधूनमधून तो संध्याकाळी मला फोन करतो आणि आधी आपला आकडा सांगतो, “आज चार हजार दोनशे.” मग माझा विचारतो. माझा बहुतेक वेळा त्याच्याहून कमी असतो. तो हसतो, आणि मी ते ऐकून घेतो.